लांबी बदलता येणारा पुशरॉड: आकडा देतो, पण प्रीलोड तुम्हालाच ठरवावा लागतो

पुशरॉड म्हणजे कॅमवर टेकलेल्या टॅपेटची उचल वर रॉकरपर्यंत नेणारी दांडी; रॉकर मग व्हॉल्व्ह उघडतो. कॅटलॉगमध्ये छापलेली पुशरॉडची लांबी ही कारखान्यातून निघालेल्या इंजिनाची असते. स्मॉल ब्लॉक शेवरोलेला सपाट टॅपेट असतील तर ७.८०० इंच, कारखान्याचे रोलर टॅपेट असतील तर ७.२०० इंच, जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यातल्या बहुतेक इंजिनांना ७.४०० इंच. हेड तासलं, गॅस्केट पातळ घातलं किंवा कॅम बदलला, की तो आकडा त्या इंजिनाचा राहत नाही. तरीही कितीतरी जण डोळे झाकून तोच मागवतात. हायड्रॉलिक टॅपेट आहेत, घेतील सांभाळून, असं म्हणतात. टॅपेट खरंच सांभाळून घेतात, आणि म्हणूनच चुकीची लांबी कितीतरी दिवस लपून राहते.

पुशरॉडवाली व्ही-८ इंजिनं ताकदीसाठी बांधणं हे माझं काम. त्यात मी सर्वात जास्त हातात घेतो ते हत्यार म्हणजे लांबी बदलता येणारा, मोजमापाचा पुशरॉड. आज त्याच्याबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी वापरलेल्यांची रचना जवळपास सारखीच होती आणि खोडीही सारख्याच होत्या.

वस्तू साधी आहे. एकात एक आट्यांनी फिरणारे पोलादी नळीचे दोन तुकडे आणि दोन्ही टोकांना ५/१६ इंचाच्या गोळ्या. माझ्या संचात आखूड आणि लांब असे दोन रॉड आले, सोबत व्हॉल्व्हवर घालायच्या दोन नरम स्प्रिंग. आटे इंचाला २० आहेत, म्हणजे एक फेरा फिरवला की लांबी ५० थाऊनं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बदलते आणि पाव फेऱ्याला साडेबारा थाऊनं. आट्यांचा हा आकडा विकत घेण्याआधी तपासाच. बाजारात वेगळ्या आट्यांचेही रॉड आहेत, आणि फेरे मोजून लांबी काढणाऱ्याला आटे माहीत नसतील तर सगळा हिशेब फसतो.

रॉड काय मोजतो हे कळायला टॅपेटच्या आत बघावं लागतं. बाहेर एक डबी, आत एक दट्ट्या, दट्ट्याखाली तेलाची जागा, तिच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी छोटी गोळीची झडप, आणि दट्ट्या वर निसटू नये म्हणून सर्क्लिप. इंजिन चालू झालं की दाबाखालचं तेल आत शिरतं, झडप ते कोंडून धरते, आणि दट्ट्या पुशरॉडला टेकून उभा राहतो. सगळी ढिलाई तिथंच संपते. ही युक्ती १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्येही होती, आणि तिथं ती व्हॉल्व्हचा आवाज घालवण्यासाठीच होती. टॅपेट कॅमच्या गोल भागावर आहे, व्हॉल्व्ह बंद आहे, आणि अशा वेळी दट्ट्या सर्क्लिपपासून जितका खाली दाबलेला असतो, तो प्रीलोड.

प्रीलोड फार कमी असला तर दट्ट्या सर्क्लिपवर आपटत राहतो, टिकटिक येते, आणि एखाद्या दिवशी सर्क्लिप जागा सोडते. फार जास्त असला तर टॅपेट तेलानं भरला की व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण बसत नाही. मग कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. दट्ट्या तळाला टेकला असेल तर टॅपेटकडे सांभाळून घ्यायला काही उरतच नाही. साध्या रस्त्यावरच्या, मध्यम ताकदीच्या इंजिनात २० ते ६० थाऊच्या दरम्यान काम होतं. पण टॅपेट बनवणाऱ्यानं दिलेला आकडा हाच खरा. कमी चालीचे रेसिंग टॅपेट असतात, त्यांना याच्या कितीतरी कमी लागतं. उलट काही जण दट्ट्या मुद्दाम तळाच्या जवळ नेऊन बसवतात, कारण त्याच्याखाली तेल जितकं कमी तितकं ते दबतं कमी, आणि उंच आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे नीट चालतो. ही पद्धत जाणत्यानंच वापरावी. तिथं काही थाऊंची चूकसुद्धा इंजिन माफ करत नाही.

आता खरी गोष्ट. रॉड हातात घेण्याआधी आपल्या इंजिनाचे रॉकर कोणत्या जातीचे आहेत हे ठरवायला हवं, कारण त्यावरून रॉडला विचारायचा प्रश्नच बदलतो. रॉकर स्टडवर बसून नटनं खालीवर होत असतील, तर पुशरॉडची लांबी रॉकरचा कोन ठरवते आणि प्रीलोड नट ठरवतो. रॉकर बोल्टनं ठरावीक उंचीवर आवळले जात असतील, जसे एलएसमध्ये, तर कोन बैठकीच्या उंचीनं आधीच ठरलेला असतो. तिथं पुशरॉडच्या लांबीचं काम एकच, प्रीलोड. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की माणूस स्टडच्या इंजिनात लांबीनं प्रीलोड साधायला जातो, किंवा एलएसमध्ये व्हॉल्व्हच्या टोकावरची खूण बघून पुशरॉड निवडतो. दोन्हीकडे मेहनत वाया.

मी नुकतंच एक स्मॉल ब्लॉक ३५० बांधलं. जुना ब्लॉक, मुळात सपाट टॅपेटचा, त्यात हायड्रॉलिक रोलर कॅम आणि जुन्या ब्लॉकसाठीचे उंच रोलर टॅपेट. हेड तासलेली, ७/१६ इंचाचे स्टड, १.६ चे, म्हणजे टॅपेटची उचल व्हॉल्व्हकडे १.६ पट करणारे, रोलर टोकाचे रॉकर. असे टॅपेट घातले की पुशरॉड बराच आखूड लागतो, एवढं आधी माहीत असतं. नेमका किती, ते मोजल्याशिवाय नाही.

त्यासाठी मी एक टॅपेट बाजूला ठेवलाय, त्याच्या दट्ट्याखाली चकत्या घालून तो सर्क्लिपला कायमचा टेकवून टाकलाय. कोरड्या हायड्रॉलिक टॅपेटवर कोन बघायला गेलं तर व्हॉल्व्ह उचलताना दट्ट्याच आत जातो आणि दिसतं ते सगळं खोटं. चकत्यांचा टॅपेट, व्हॉल्व्हवर संचातली नरम स्प्रिंग, व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई, आणि मग रॉड. ढिलाई काढून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं आणि रॉकर उतरवून रोलरनं शाईत ओढलेली पट्टी बघायची. मी ७.२०० पासून सुरुवात केली आणि ५० थाऊनं वाढवत गेलो. पट्टी अरुंद होत गेली, ७.३०० ला सर्वात अरुंद, त्यापुढे परत रुंद. मला ७.३०० मिळाले.

इथं एक मत ठामपणे सांगतो. पट्टी टोकाच्या बरोबर मध्ये आहे का यापेक्षा ती किती अरुंद आहे याला जास्त महत्त्व द्या. रुंद पट्टी म्हणजे रोलर टोकावरून फार घसरतोय, व्हॉल्व्हला आडवा रेटा बसतोय, गाइड झिजणार. पट्टी मध्यापासून थोडी सरकली असेल पण अरुंद असेल तर कोन बरोबर आहे. मध्य गाठण्यासाठी कोन बिघडवणं हा तोट्याचा सौदा. याची पडताळणी करायची असेल तर व्हॉल्व्ह अर्ध्या उचलीवर आणा. रॉकरच्या मधल्या टेकूपासून रोलरच्या मध्यापर्यंतची रेघ तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्याला काटकोनात दिसायला हवी.

लांबी ठरली. आता प्रीलोड, आणि तो नटनं. यातला हिशेब फार कमी लोक करतात. ७/१६ इंचाच्या स्टडला इंचाला २० आटे, म्हणजे नट एक फेरा फिरला की रॉकरचा टेकू ५० थाऊ खाली येतो. व्हॉल्व्हकडचं टोक मात्र जागेवर असतं. म्हणून पुशरॉडकडचं टोक टेकूपेक्षा जास्त खाली जातं, १.६ च्या रॉकरला सुमारे ८१ थाऊ. अर्ध्या फेऱ्याला साधारण ४१ थाऊ. तेच ३/८ इंचाचा, इंचाला २४ आट्यांचा स्टड आणि १.५ चा रॉकर असेल तर पूर्ण फेऱ्याला सुमारे ६९ आणि अर्ध्याला ३५. ‘अर्धा फेरा द्या’ असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कोणत्या स्टडवर आणि कोणत्या रॉकरला.

शून्य ढिलाई पकडायची रीतही अशीच हातातली आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की त्या सिलिंडरच्या इनटेकचा नट लावायचा, आणि इनटेक पूर्ण उघडून जवळपास बंद होत आला की एक्झॉस्टचा. अशानं ज्याला हात लावतोय त्याचा टॅपेट नक्की कॅमच्या गोल भागावर असतो. पुशरॉड बोटात फिरवून बघण्याची सवय पुष्कळांना आहे, मला ती पटत नाही. नव्या टॅपेटमध्ये दट्ट्याची आतली स्प्रिंग इतकी नरम असते की बोटाला अडकल्याचं कळेपर्यंत दट्ट्या बराच आत गेलेला असतो. पुशरॉड वरखाली हलवून बघा. ती हालचाल संपते तिथं शून्य.

दुसरं काम एका एलएसचं होतं, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनिअमची. हेड ३० थाऊ तासलेलं, नवा कॅम जास्त उचलीचा आणि त्याच्या गोल भागाचा व्यास जुन्यापेक्षा ५० थाऊ कमी. व्यास ५० थाऊ कमी म्हणजे टॅपेट २५ थाऊनंच खाली येतो, कारण त्याला त्रिज्या लागते. इथं व्यासच वजा करणारे मी कितीतरी पाहिलेत. हेड ३० थाऊ खाली आल्यानं प्रीलोड ३० वाढला, कॅममुळे २५ घटला, म्हणजे एकूण पाच थाऊंचा फरक. कागदावर हे दिसत होतंच, पण कागदावर व्हॉल्व्हची बैठक किती खोल गेलीय ते दिसत नाही, आणि नव्या टॅपेटची पुशरॉडची वाटी जुन्याच उंचीवर आहे का तेही दिसत नाही.

म्हणून रॉड घातला. इथली रीत वेगळी. आधी रॉड आखडून घ्यायचा, रॉकरचा बोल्ट पूर्ण आवळायचा, त्या बोल्टला २२ फूट-पाउंड. आणि मग रॉड लांबवत ढिलाई संपवायची. शून्य आलं ७.३३५ इंचावर. या टॅपेटला मला ६५ थाऊ द्यायचे होते, म्हणजे ७.४००. उत्तर जुनंच निघालं, तरी मोजणं वाया गेलं असं मी मानत नाही. हेडच तासलं असतं आणि कॅम जुनाच ठेवला असता, तर त्याच ७.४०० च्या पुशरॉडनं प्रीलोड ९० झाला असता.

पडताळायला इथं बोल्टचाच उपयोग होतो. त्याचे आटे १.२५ मिलिमीटरचे आणि रॉकर १.७ चा, म्हणून एका फेऱ्याला पुशरॉडचं टोक जवळपास दोन मिलिमीटर, म्हणजे ७८ थाऊ खाली जातं. नवे पुशरॉड घालून शून्य ढिलाईपासून रॉकर बैठकीला टेकेपर्यंत बोल्ट फिरवला, तर पाऊण फेऱ्याहून थोडा जास्त फिरला. ६५ थाऊला तेवढाच फिरायला हवा. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मी व्हॉल्व्ह कव्हर बंद करायला तयार होतो.

प्रीलोड ठरवताना मी उष्णतेचाही विचार करतो, आणि अॅल्युमिनिअमच्या इंजिनात तो टाळता येत नाही. अॅल्युमिनिअम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. पुशरॉड पोलादाचा. साधारण २०० मिलिमीटर उंची आणि ८० अंशांची वाढ धरली तर ब्लॉक आणि हेड मिळून पुशरॉडपेक्षा सुमारे ०.१८ मिलिमीटर, म्हणजे सात थाऊ जास्त उंच होतात. तेवढा प्रीलोड गरम इंजिनात कमी होतो. ६५ मध्ये सात गेले तर काही बिघडत नाही. पण कमी चालीच्या टॅपेटला थंडपणी पाच थाऊ देऊन बसलात तर गरम झाल्यावर तिथं प्रीलोड नसून ढिलाई असेल. लोखंडी ब्लॉक आणि लोखंडी हेडात हा फरक फारसा उरत नाही.

आता रॉडच्या खोडी. पहिली, आट्यांमध्ये थोडी ढिलाई असते आणि लांबी पक्की करायला कुलपी नट नाही. ढोबळ मापाला चालतं, पण रॉड इंजिनातून काढताना बोट लागून पाव फेरा फिरला तर साडेबारा थाऊ गेले. मी शून्य सापडताच सांध्यावर मार्करनं रेघ मारतो. दुसरी, फिरवायचा खरखरीत भाग काही इंजिनांत हेडच्या भोकाच्या आत जातो आणि बोट पोचत नाही. मग रॉड उलटा घालावा लागतो. तिसरी, नळी खऱ्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी नाही. सोबत दिलेल्या नरम स्प्रिंग न वापरता खऱ्या स्प्रिंगवर इंजिन फिरवलं तर ती वाकते, आणि वाकलेल्या रॉडचं माप कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचं. एका ओळखीच्यानं असा वाकलेला रॉड दाखवून वस्तूलाच दोष दिला होता. माझ्या मते तिथं वस्तूचा दोष नव्हता, पण खोक्यावर ही सूचना ठळक छापायला कंपनीला काय हरकत होती, हा प्रश्न मलाही पडतो.

सर्वात मोठी तक्रार वेगळीच आहे. रॉडवर लांबी वाचायची कोणतीही सोय नाही. संचासोबतचा कागद सांगतो की फेरे मोजा किंवा कॅलिपरनं मापा. नेहमीचा १५० मिलिमीटरचा कॅलिपर इथं पुरत नाही, ७.४०० इंच म्हणजे १८८ मिलिमीटर. २०० चा चालतो, ३०० चा बरा. त्यातही एक पेच आहे. पुशरॉडच्या टोकाला तेलाचं भोक असतं. ५/१६ च्या गोळीला १०० थाऊचं भोक असेल तर प्रत्येक टोकाला सुमारे आठ थाऊ उंची कमी होते, दोन्ही मिळून सोळा. काही बनवणारे भोक नाही असं धरून लांबी सांगतात, काही प्रत्यक्ष टोकापासून टोकापर्यंत मोजून. काही रॉडच्या टोकाला मुळात भोकच नसतं. तुम्ही मोजलेला आकडा आणि मागवलेला आकडा यांत एवढ्यावरूनच फरक पडतो, आणि हा फरक प्रीलोडच्या पाव हिश्श्याएवढा असू शकतो. माझा उपाय सोपा. ज्या बनवणाऱ्याकडून पुशरॉड घ्यायचे, त्याचा छापील लांबीचा एक पुशरॉड हाताशी ठेवतो, त्याच कॅलिपरनं दोन्ही मोजतो, आणि फक्त फरक वापरतो. कॅलिपर चुकीचा असला तरी फरक बरोबर येतो.

रॉड एका गोष्टीवर मुळीच बोलत नाही, ती म्हणजे जाडी. त्याची नळी बारीक असते. खरा पुशरॉड ३/८ इंचाचा जाड घेणार असाल तर तो हेडच्या भोकात घासतो का हे वेगळं बघावंच लागतं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेल्या स्थितीतही. आणि फक्त एका व्हॉल्व्हवर मोजून सगळे मागवू नका. निदान दोन्ही हेडच्या टोकांचे इनटेक आणि एक्झॉस्ट मोजा. व्हॉल्व्हच्या बैठका कापताना कमीजास्त खोल गेलेल्या असतात. बिग ब्लॉक शेवरोलेत तर इनटेक आणि एक्झॉस्टची लांबी मुळातच जवळपास एका इंचानं वेगळी आहे, ८.२७५ आणि ९.२५०, त्यासाठी संचातले दोन्ही रॉड लागतात.

घ्यावा का? स्टडवरचे रॉकर आणि कारखान्याचाच कॅम असेल, हेडला हात लावला नसेल, तर गरज नाही. कॅम, हेड, गॅस्केट, टॅपेट किंवा रॉकर यांतलं काहीही बदललं असेल तर घ्या, आणि पुशरॉड मागवण्याआधी घ्या. इंचाला २० आट्यांचा, टोकं कडक केलेली, नरम स्प्रिंगसह मिळणारा बघा. कुलपी नटवाला मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार असतो.

पुशरॉड आले की प्रत्येक एकदा कॅलिपरमध्ये घालून बघा. संचातला एखादा वेगळ्या लांबीचा निघू शकतो. भरलेल्या टॅपेटवर नट आवळला असेल तर लगेच इंजिन फिरवू नका. दट्ट्याखालचं तेल हळूहळू निघून जातं, तोवर व्हॉल्व्ह थोडा उघडा असतो आणि पिस्टन त्याला गाठू शकतो. थांबून दट्ट्या खाली बसू द्या, मग हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, कुठं अडलं तर तिथंच थांबा. त्यानंतर तेलाचा दाब भरून घ्या आणि मगच स्टार्टरला हात लावा.